कर्मवीर दादासाहेब गायकवाड

आपल्या नाशिक जिल्ह्यात अनेक थोर माणसे होऊन गेली. त्यांतले एक म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड. त्यांचे नाव भाऊराव कृष्णराव गायकवाड. त्यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी झाला. म्हणजे ते आपल्यासारखेच खेड्यातले.

त्या काळी शिवाशिव लई होती. महार समाजाच्या माणसांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. देवळात तर पाऊल ठेवू देत नसत. दादासाहेब त्याच समाजात जन्मले. मोठेपणी ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर काम करू लागले.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसे आली. बायाही आल्या. तेव्हा देवळाचे दरवाजे लावून घेतले. रामनवमीला रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. तरी कोणी मागे हटले नाही. बाबासाहेब परिषदेसाठी विलायतेला गेले, तेव्हा इकडचे सगळे काम दादासाहेबांनी सांभाळले. बाबासाहेब त्यांना पत्रे पाठवीत. हा लढा सुमारे ५ वर्षे चालला.

आमची सहल पंचवटीला गेली होती तेव्हा मी ते देऊळ पाहिले. सगळे काळ्या दगडाचे आहे. आम्ही सगळी मुले रांगेने आत गेलो. कोणी कोणाची जात विचारली नाही. मुंबई इलाख्यात १९४७ साली मंदिर प्रवेशाचा कायदा झाला, म्हणून हे झाले असे गुरुजींनी सांगितले.

१९३७ साली निवडणूक झाली. दादासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नाशिकमधून मुंबईच्या विधानसभेवर निवडून आले. ज्यांना देवळात जाऊ देत नव्हते, ते आमदार झाले! आमदार नारळ फोडायला येतात ते आपण पाहतोच. पण आमदाराचे खरे काम कायदे करण्याचे असते. त्याच वर्षी बाबासाहेबांनी विधानसभेत खोती बंद करण्याचे बिल मांडले. कोकणात खोत लोक कुळांकडून फार वसूल करीत. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. तरी कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. कायदा लवकर होत नाही, त्याच्या पाठीमागे लागावे लागते.

दादासाहेब १९५७ साली नाशिकचे खासदार झाले. पुढे १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते. एवढे मोठे झाले तरी ते गरिबांना विसरले नाहीत. जो शेतात राबतो त्याला जमीन नाही, हे त्यांना सहन होत नसे. सरकारची पडीक जमीन भूमिहीनांना द्या, अशी त्यांची मागणी होती. ६ डिसेंबर १९६४ पासून त्यांनी देशभर मोठा सत्याग्रह केला. लाखो माणसे तुरुंगात गेली.

आमची पण जमीन नाही. माझी आई द्राक्षाच्या बागेत रोजाने जाते. छाटणीच्या वेळी तिच्या हाताला फोड येतात. म्हणून दादासाहेबांची ही गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते.

१९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते वारले. २००४ साली सरकारने त्यांच्या नावाने योजना काढली. तिच्यात अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध गरीब भूमिहीन कुटुंबाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन देतात. आलेल्या पालकांनी तिची चौकशी जरूर करावी.

अशा या कर्मवीराला माझा नमस्कार.

इयत्ता ४ थी