वेरूळच्या सहलीत भेटलेल्या अहिल्याबाई

शाळेच्या आठवणींवर किंवा आपल्याला घडवणाऱ्या एखाद्या व्यक्तीवर लिहा, असं स्मरणिका समितीने कळवलं, तेव्हा मला दोन्ही एकदमच आठवलं. आठवीतली आपली वेरूळची सहल आठवते ना? जालन्याहून पहाटे निघालेली एस.टी., मागच्या बाकांवर मुलांच्या भेंड्या, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. लेणी पाहून पाय गळून गेले होते. तरी बाईंनी आपल्याला घृष्णेश्वराच्या देवळात नेलं आणि तिथून जवळच्या शिवालय तीर्थावर. दगडी पायऱ्यांचं ते चौकोनी कुंड, पायऱ्यांवर छोटी छोटी देवळं. मुलं पायऱ्यांवरून पळत सुटली. आम्हा दमलेल्या मुलींना बाईंनी सावलीत बसवलं आणि या देवळाशी नाव जोडलेल्या दोन सासू-सुनांची गोष्ट सांगितली. सासू गौतमाबाई होळकर आणि सून अहिल्याबाई.

त्या दिवशी मी ती गोष्ट अर्धवटच ऐकली, हे आज कबूल करते. पुढे ती पुन्हा वाचावी लागली, तेव्हा मी शाळेतली मुलगी राहिले नव्हते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. घर धनगराचं, साधं, देवभोळं. मुलींना अक्षरओळख करून द्यायची पद्धत नसताना या घरातली मुलगी लिहा-वाचायला शिकली. मल्हारराव होळकर मुक्कामाला असताना त्यांनी या मुलीला चौंडीच्या देवळात पाहिलं आणि सून म्हणून मागणी घातली, असं सांगतात. १७३३ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी तिचं लग्न झालं. पुढे मालेराव हा मुलगा आणि मुक्ताबाई ही मुलगी झाली.

१७५४ मध्ये भरतपूरजवळच्या कुंभेरीच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाईंचं वय तेव्हा तिशीच्याही आत. त्या सती जायला निघाल्या. म्हाताऱ्या सासऱ्यांनी पदर पसरून त्यांना थांबवलं. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, अशी त्यांची विनवणी होती. अहिल्याबाई थांबल्या.

मल्हाररावांचा मोठेपणा मला पुढच्या गोष्टीत दिसतो. सुनेला जिवंत ठेवून त्यांनी तिला माजघरात बसवलं नाही. वसुली, हिशेब, न्यायनिवाडा, फौजेची तरतूद हे सारं तिच्याकडून करवून घेतलं. १७६५ सालचं त्यांचं एक पत्र उपलब्ध आहे. त्यात ग्वाल्हेरकडे कूच कर, तोफा आणि दारूगोळ्याची व्यवस्था बघ, अशा सूचना सुनेला केलेल्या आहेत. त्या काळी किती सासऱ्यांनी सुनेला अशी पत्रं लिहिली असतील?

गौतमाबाई १७६१ मध्ये गेल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. गादीवर आलेला मालेराव आजारी पडला आणि वर्षभराच्या आतच, १७६७ मध्ये, बाविसाव्या वर्षी गेला. नवरा, सासू, सासरे आणि एकुलता एक मुलगा, सगळे तेरा वर्षांत. घरात कर्ता पुरुष उरला नाही म्हटल्यावर कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एक लहान मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवायचा घाट घातला आणि राघोबादादांना फौजेनिशी बोलावून घेतलं. अहिल्याबाईंनी फौज सज्ज केली, इतर सरदारांकडे मदत मागितली आणि पुण्यात माधवराव पेशव्यांपुढे आपली बाजू मांडली. पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला. लढाईची वेळच आली नाही. फौज तुकोजीराव होळकरांकडे आणि राज्यकारभार अहिल्याबाईंकडे, अशी वाटणी झाली. इंदूर सोडून त्यांनी नर्मदाकाठच्या महेश्वरला राजधानी नेली आणि तिथून अठ्ठावीस वर्षं राज्य केलं.

त्यांचा दिवस कसा जाई, याची माहिती जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातल्या लोकांकडून गोळा केली होती. १८२३ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तीसेक वर्षांनी, त्याचा ग्रंथ छापला गेला. पहाट होण्याआधी उठणं, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधं जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबारात बसत, ते संध्याकाळपर्यंत. पुन्हा देवपूजा, आणि रात्री नऊनंतर आणखी दोन तास कारभार. पूजा आणि दरबार ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामं नव्हती. आपल्या हातून जे होतं त्याचा जाब देवापुढे द्यायचा आहे, ही त्यांची श्रद्धा होती. म्हणूनच फिर्यादीला त्यांच्यापर्यंत थेट पोचता येई.

काशी विश्वनाथाचं मंदिर १७८० मध्ये त्यांनी बांधलं, १७८३ मध्ये सोमनाथाचं, १७८७ मध्ये गयेचं विष्णुपद मंदिर. घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं तर देशभर. यातली काशी, सोमनाथ, गया ही ठिकाणं त्यांच्या राज्यात नव्हती. तिथल्या लोकांकडून त्यांना एक पैसा सारा येत नव्हता. तरीही केलं.

पण मला जास्त भावतात त्या लहान गोष्टी. उन्हाळ्यात रस्तोरस्ती पाणपोया असत. नांगराला जुंपलेले बैल थांबवून त्यांना पाणी पाजायला माणसं नेमलेली असत. पिकावर बसणाऱ्या पाखरांना शेतकरी हाकलतो, म्हणून काही शेतांतलं उभं पीक विकत घेऊन पाखरांसाठी सोडलं जाई. वाटमारी करणाऱ्या भिल्लांना नुसतं बंदुकीने न दडपता, वाटसरूंकडून थोडी कवडी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य करून त्याच वाटांच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. विधवेची मालमत्ता सरकारजमा करायला त्या तयार नसत. महेश्वरला बाहेरून विणकर आणून वसवले. तिथली साडी आजही आपल्या बायकांच्या कपाटात आहे.

या सगळ्याला पैसा कुठून येई? याचं उत्तर मला सर्वांत मोलाचं वाटतं. होळकरांची सरकारी तिजोरी वेगळी आणि खासगी वेगळी होती. १७३४ मध्ये पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर दिली होती. ती खासगी पुढे सुनेकडे आली. दानधर्माचा खर्च अहिल्याबाई या खासगीतून करत. फौजेसाठी तुकोजीराव वरचेवर पैसे मागत, तेव्हा हिशेब मागायलाही त्या कचरत नसत.

इतकं करूनही दुःखाने पाठ सोडली नाही. म्हातारपणी नातू नथोबा गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने पाया पडून विनवलं. मुलीचं म्हणणं होतं की, आई, तू आता थकलीस, तुझ्यामागे मी एकटी कुणासाठी जगू? ज्या बाईला एकदा सासऱ्यांनी चितेवरून परत आणलं होतं, तिला स्वतःच्या मुलीला परत आणता आलं नाही. नर्मदेकाठी ती चिता त्यांनी उभं राहून पाहिली आणि त्यानंतर तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. मग मुलीच्या आणि जावयाच्या स्मरणार्थ छत्री उभारायला घेतली आणि पुन्हा दरबारात बसल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी, महेश्वरला त्यांचं निधन झालं.

आता हे सारं मला पुन्हा का वाचावं लागलं, ते सांगते. तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, माझे यजमान अचानक गेले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप. दोन लेथ, चार कामगार, रोलिंग मिलच्या रोलचं टर्निंगचं काम. दहाव्याच्या दिवशीच नातेवाइकांत चर्चा सुरू झाली की बाईमाणसाला हे जमायचं नाही, विकून टाका, नाहीतर अमक्याला बसवा. माझ्या सासूबाई फारशा शिकलेल्या नाहीत. त्यांनी तेराव्यानंतर किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि स्वतः नातवंडं सांभाळायला बसल्या. त्या रात्री मला वेरूळचं कुंड आठवलं. बाईंच्या गोष्टीतली सासू आठवली. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून अहिल्याबाईंचं चरित्र आणलं.

त्यातून मी दोन गोष्टी उचलल्या. पहिली, घरचा आणि वर्कशॉपचा पैसा वेगळा. दोन वह्या, आजतागायत. उधारी किती आणि नफा किती, हे मला त्यामुळेच कळू लागलं. दुसरी, आपल्या वाट्याच्या वहीतून थोडं बाहेर जायलाच हवं. २०१२-१३ च्या दुष्काळात आपलं जालना टँकरवर जगत होतं, ते तुम्ही विसरला नसाल. आम्हीही पाणी विकत घेत होतो. तेव्हा गेटबाहेर एक रांजण ठेवला, हमालांसाठी आणि ट्रकवाल्यांसाठी. पाणी विकत घेऊन वाटणं घरात सगळ्यांना पटलं नाही, पण सासूबाईंनी रोज सकाळी तो रांजण स्वतः भरला. आज त्या नाहीत. रांजण आहे.

मी काही राणी नाही आणि माझी तुलना त्यांच्याशी होऊच शकत नाही. पण दुःख आलं की माणूस एकतर दार लावून घेतो, नाहीतर कामाला लागतो. अहिल्याबाईंच्या घरातून एकेक माणूस जात राहिलं आणि त्यांच्या दारातून बाहेर जाणारा हात मोठा होत गेला. त्यांच्या देवभक्तीचा अर्थ मला तरी असा लागला.

शेवटी एक विनंती. आपल्या बॅचतर्फे शाळेत पिण्याच्या पाण्याची टाकी आणि नळांची सोय करायचं ठरलं आहे. पाटीवर कुणाकुणाची नावं घालायची, यावर ग्रुपवर बरीच चर्चा झाली, थोडी कटुताही आली. एका विद्वानाने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला होता. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि मग नर्मदेत सोडून द्यायला सांगितला, अशी आठवण माळव्यात सांगितली जाई. आपण पाटीच लावू नये, असं मला वाटतं. मधल्या सुट्टीत घामाघूम झालेलं पोर नळाला तोंड लावेल, तेवढं पुरे. आणि ज्या बाईंनी आपल्याला त्या कुंडाच्या पायऱ्यांवर बसवलं, त्या या मेळाव्याला येणार आहेत असं कळलं. पहिला नळ त्यांच्या हातून सुरू करू या.