बाबासाहेबांचे वीजविषयक चिंतन

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव उच्चारताच राज्यघटना आणि समतेचा लढा आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु बाबासाहेब हे अर्थशास्त्राचे पंडित होते आणि देशाच्या वीजधोरणाच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा होता, याचे स्मरण क्वचितच होते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात व लंडनमध्ये अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. १९१८ साली त्यांनी लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र केले की प्रश्न सुटेल, असे तेव्हा अनेक विद्वान मानीत. बाबासाहेबांनी निदानच बदलले. शेत लहान असणे हे केवळ लक्षण होय. शेतीबाहेर काम नसल्याने जमिनीवर झालेली माणसांची गर्दी हा खरा रोग. औद्योगिकीकरण हाच त्यावरील उपाय, असा त्यांचा निष्कर्ष होता.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे हेही फेब्रुवारी १९४३ मधील राजीनाम्यापर्यंत याच मंडळात होते. मजूरखात्याकडे वीज व पाटबंधारे हे विषयही असल्याने बाबासाहेबांना जुना विचार धोरणात उतरविण्याची संधी मिळाली. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी धोरण समितीपुढे त्यांनी विजेच्या मालकीचा प्रश्न मांडला. मालकी खासगी असो वा सरकारी, वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, हा त्यांचा निकष होता. कारण विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्यातून सुटका नाही. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोरे योजनेच्या आखणीतही त्यांचा पुढाकार होता. १९४६ मध्ये त्यांनी मंडळ सोडले. राज्य वीज मंडळांना जन्म देणारा कायदा १९४८ मध्ये झाला.

वीज आली तरी जनित्रे आणि रोहित्रे परदेशातूनच आणावी लागली, तर स्वावलंबन अपुरेच राहते. भोपाळच्या अवजड विद्युत् यंत्रांच्या सरकारी कंपनीची स्थापना १९५६ मध्ये झाली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

आपल्या जिल्ह्याने हे चरित्र या दृष्टीने वाचावयास हवे. वणी परिसरातील कोळसा औष्णिक वीजकेंद्रांकडे जातो. कोरडवाहू कपाशीचे शेत मात्र पिढीगणिक विभागले जाते आणि विजेचे शिक्षण घेतलेला तरुण कामासाठी पुण्या-मुंबईची वाट धरतो. विद्युत् व इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांना सरकारने अवश्य साहाय्य द्यावे. मात्र त्या साहाय्याचे मोजमाप केवळ उत्पादनाच्या आकड्यांनी होऊ नये. जमिनीवरील भार किती हलका झाला, ही १९१८ मधील कसोटीच यवतमाळसाठी आजही खरी कसोटी आहे.