इनाम कमिशनच्या कचेरीतले लोकहितवादी

सरकारी योजनेचा अर्ज भरायचा म्हटलं की आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक अशी चळत जमवावी लागते. ती माहिती मग दुसऱ्या खात्यांच्या नोंदींशी ताडली जाते. मेळ बसला नाही, तर लाभ बंद.

पुण्याला हे नवीन नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे इनाम कमिशन हेच करत होतं. त्याच्या अधिकाऱ्यांमध्ये एक होते गोपाळ हरी देशमुख, म्हणजेच लोकहितवादी.

त्यांचा जन्म 18 फेब्रुवारी 1823चा, पुण्यातला. पेशवाई बुडून पाचच वर्षं झाली होती. वडील बापू गोखल्यांच्या पदरी होते. गोपाळराव मात्र इंग्रजी शिकले आणि 1844 मध्ये सरकारी भाषांतरकार झाले. 1848 पासून त्यांनी मुंबईच्या प्रभाकर साप्ताहिकात 108 पत्रं लिहिली. हीच ती शतपत्रं. आयत्या उत्पन्नावर जगणाऱ्यांना त्यांनी त्यात चांगलंच झोडपलं. दक्षिणेच्या पैशातला काही भाग मराठी पुस्तकांसाठी वापरावा, या पुण्यातल्या मागणीतही ते पुढे होते.

पुढे 1850च्या दशकात ते इनाम कमिशनमध्ये गेले.

इनाम म्हणजे सारा माफ असलेली जमीन किंवा गावाचं उत्पन्न. देवस्थानं, पुजारी, सरदार, वतनदार यांना जुन्या राजवटींनी ते दिलेलं होतं. इंग्रजांच्या हिशेबी हा बुडालेला महसूल होता. म्हणून 1843 पासून चौकशी सुरू झाली आणि 1852च्या 11व्या कायद्याने तिला अधिकार मिळाले.

इनामदाराला कैफियत द्यावी लागे. इनाम कुणी दिलं, कधी दिलं, घराण्याची वंशावळ काय, सनद कुठे आहे? मग ती कैफियत पेशवे दप्तरातल्या हिशेबांशी ताडली जाई. दप्तर सरकारच्या ताब्यात आणि निवाडाही सरकारचाच. दिवाणी कोर्टात दाद मागायची सोय नव्हती. सनद वाळवीने खाल्ली असेल, तर पिढ्यांची वहिवाट असूनही इनाम धोक्यात येई. हजारोंची इनामं गेली. 1857च्या असंतोषामागे हेही एक कारण मानलं जातं.

लोकहितवादी पुढे अहमदाबादला न्यायाधीश झाले. निवृत्तीनंतर मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसले, रतलामचे दिवाण झाले. 9 ऑक्टोबर 1892 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

दप्तर मात्र राहिलं. 1930 नंतर गो. स. सरदेसाईंनी त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले. वसुलीसाठी आणि इनामांच्या चौकशीसाठी वापरलेले कागद इतिहासाचं साधन झाले. इथे त्याचा फायदाच झाला. पण एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्याच कामाला लागू शकते, हेही त्यातून दिसतं.

आज आपल्याकडे 2005चा माहिती अधिकार कायदा आहे. 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आला. मात्र लाभ देण्यासाठी सरकारला काही अटींवर नवी संमती न घेताही आपली माहिती वापरण्याची मुभा त्यात आहे.

म्हणून अर्ज नाकारला गेला, तर कोणत्या खात्याच्या कोणत्या नोंदीमुळे, हे लेखी विचारा. नोंद चुकीची असेल, तर दुरुस्त करून मागा. कैफियत देणाऱ्या इनामदाराला हे कायदे नव्हते.