समुद्राचा हिशेब ठेवणारा इंजिनिअर

व्हायव्हात बर्नोली सगळ्यांना आठवतो, पण योहान व्हॅन वीन हे नाव सिव्हिलवाल्यांनाही सहसा ठाऊक नसतं. नेदरलँड्सच्या 'डेल्टा योजने'चा जनक म्हणजे हा माणूस.

जन्म १८९३ चा, उत्तरेकडच्या ख्रोनिंगन प्रांतातला. १९१९ साली डेल्फ्टहून तो सिव्हिल इंजिनिअर झाला आणि १९२९ मध्ये सरकारच्या जलखात्यात लागला. समुद्रतळाची वाळू कशी सरकते, हा त्याचा ध्यास. तळाचा गाळ उचलायला १९३३ साली त्याने जबड्यासारखं एक साधन केलं. 'व्हॅन वीन ग्रॅब' या नावाने ते आजही चालतं, आपल्या गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतसुद्धा! खाड्यांतली भरती-ओहोटी त्याने चक्क विजेच्या सर्किटवर मांडून सोडवली. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, ऐकताय ना?

अ‍ॅमस्टरडॅममध्ये १७०० सालापासून पाण्याच्या पातळीच्या नोंदी होत्या. त्या चाळून जमीन खचतेय की समुद्र चढतोय, हे त्याने तपासलं. किनाऱ्याला दोन्हींचा परिणाम एकच, बांध दरवर्षी थोडा थोडा ठेंगणा होत जातो. नैऋत्येकडचे बरेच बांध कमी उंचीचे आहेत, हे तो १९५३ च्या कितीतरी आधीपासून सांगत होता. पण महायुद्ध आलं, मग पैशांची चणचण. आकडे लोकांपर्यंत पोचलेच नाहीत. त्याने टोपणनाव घेतलं 'कॅसँड्रा'. ग्रीक पुराणातली ही बाई भविष्य खरं सांगायची, पण विश्वास कुणीच ठेवायचं नाही.

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उधाणाची भरती आणि वायव्येचं वादळ एकदमच आलं. बांध फुटले. एकट्या नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली. तीन आठवड्यांच्या आत डेल्टा समिती नेमली गेली, सचिव म्हणून व्हॅन वीन! खाड्यांची तोंडं बंद करण्याचे त्याचेच आराखडे आता टेबलावर आले. काम पुरं झालेलं बघायला मात्र तो राहिला नाही, १९५९ साली गेला. रॉटरडॅमजवळचे अवाढव्य दरवाजे १९९७ मध्ये सुरू झाले.

१९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटर चढली, आणि आता वेग वाढलाय. कोकणातल्या खारबांधांनाही हाच हिशेब लागू आहे. उद्या आपल्यापैकी कुणीतरी असाच एखादा नकोसा आकडा काढेल. तो फायलीत गाडू द्यायचा नाही, एवढं तरी या माणसाकडून शिकूया.