एफ्. एम्.चा जनक : एडविन आर्मस्ट्राँग

गेल्या पावसाळ्यात आण्णांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि त्यांचे वाचन बंद पडले. सोबतीला रेडिओ तेवढा उरला. आमचे घर बेळगावजवळच्या खेड्यातले. दगडी जाड भिंती, वर पत्रे, आणि माजघरात आण्णांची कॉट. त्यांचे सारे आयुष्य सांगली आणि धारवाड ही केंद्रे ऐकण्यात गेलेले. आभाळात वीज चमकली की रेडिओत कडकडाट व्हायचाच, तो रेडिओचा स्वभावच, अशी त्यांची समजूत. एफ्. एम्.वर तसे होत नाही, हे मी त्यांना सांगितले. पण दाखवता येईना. माजघरात शहरातले एफ्. एम्. केंद्र लावले की नुसती सरसर ऐकू येई.

आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना विचारले, तेव्हा त्यांनी फळ्यावर सोपे गणित मांडले. एफ्. एम्. केंद्रे 88 ते 108 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. 300 ला 100 ने भागले की 3, म्हणजे मधल्या केंद्राची लहर सुमारे 3 मीटर लांबीची. तिच्या निम्म्या लांबीची, दीड मीटर तार घेऊन ती मध्यावर तोडली की एरियल तयार. मी घंटीची जुनी दुपदरी वायर घेतली. एका टोकाकडून पाऊण मीटरपर्यंत तिचे दोन पदर उकलले आणि दोन्ही बाजूंना हात पसरावेत तसे पसरले. उरलेली वायर खाली सोडून संचामागच्या एरियलच्या दोन स्क्रूंना जोडली. झाले इंग्रजी टी अक्षर! ते प्रथम कॉटच्या वर लावले. फारसा फरक पडला नाही. मग खिडकीशेजारच्या भिंतीवर, लोखंडी गजांपासून हातभर दूर नेले. तारेची टोके शहराच्या दिशेला होती, ती फिरवून तार शहराला आडवी केली, कारण टोकांच्या दिशेने अशी तार फार थोडे पकडते. आणि एकाएकी सरसर थांबली. निवेदिकेचा आवाज असा आला, की ती जणू सोप्यात बसून बोलत होती.

आण्णा बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी विचारले, हे कोणी शोधून काढले? आर्मस्ट्राँगने, असे मी म्हणालो. चंद्रावर गेला तोच का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. तो नव्हे, हे सांगण्यासाठी मला ग्रंथालयात जावे लागले. तिथे जे वाचले, ते रोज संध्याकाळी थोडे थोडे मी आण्णांना सांगितले. तेच येथे मांडतो.

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँगचा जन्म न्यूयॉर्क शहरात 18 डिसेंबर 1890 रोजी झाला. बालपणी एका आजाराने त्याचे हातपाय व मान अनावर हलू लागली आणि सुमारे दोन वर्षे त्याला शाळेऐवजी घरीच शिकावे लागले. पुढे कुटुंब जवळच्याच याँकर्स गावी राहत असताना त्याला बिनतारी संदेशांचे वेड लागले. दूरचे क्षीण संदेश पकडण्यासाठी त्याने घराच्या आवारात सव्वाशे फूट उंचीचा खांब स्वतः उभारला. आपण भिंतीवर दीड मीटर तार लावतो. या पोराने आभाळालाच हात घातला होता. उंचीची भीती त्याला कधीच वाटली नाही.

तो कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकू लागला. रोज मोटारसायकलवरून जाई-येई. 1912 साली, विद्यार्थी असतानाच, त्याने पहिला मोठा शोध लावला. रेडिओच्या व्हॉल्व्हमधून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही भाग पुन्हा आत सोडला, की तोच संदेश कितीतरी पट मोठा होतो, हे त्याला दिसले. पेटंटसाठी पैसे हवे होते; पण आधी पदवी घे, असा वडिलांचा हट्ट. तेव्हा निदान पुरावा असावा म्हणून त्याने आकृती काढून ती 31 जानेवारी 1913 रोजी नोटरीकडून साक्षांकित करून घेतली. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी.

पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये सैन्याच्या संदेश विभागात होता. तिथे 1918 साली त्याने सुपरहेटरोडाइन ही रचना सिद्ध केली. येणारी लहर कोणतीही असो, तिचे रूपांतर एका ठरावीक लहरीत करायचे आणि मग ती वाढवायची, हे तिचे मर्म. पुढे घरोघरचे रेडिओ संच याच तत्त्वावर निघाले. शोधांच्या मोबदल्यात पैसा आला, आर. सी. ए. या बलाढ्य कंपनीचे समभाग आले. त्या कंपनीचे सूत्रधार डेव्हिड सारनॉफ हे त्याचे स्नेही. त्यांचीच सचिव मेरियन मॅकिनिस हिच्याशी 1923 साली त्याचे लग्न झाले. तिला भेट म्हणून त्याने हातात नेता येईल असा रेडिओ स्वतः बनवून दिला.

आता त्याने जुन्या शत्रूकडे मोर्चा वळवला. तो शत्रू म्हणजे खरखर. जुन्या पद्धतीत आवाजाप्रमाणे लहरीचा जोर कमीजास्त करतात. विजेचा लोळही जोरच कमीजास्त करतो. मग संचाला गाणे कोणते आणि वीज कोणती, हे कळावे कसे? आर्मस्ट्राँगने जोर कायम ठेवला आणि लहरीच्या कंपनांची गती कमीजास्त केली. आण्णांना मी जत्रेचा दाखला दिला. ढोलांच्या दणदणाटात सनईवाल्याने नुसते मोठ्याने-हळू वाजवून खूण केली, तर ती कळणार नाही. पण त्याने सूर चढवला-उतरवला तर तो कान टिपतो. एफ्. एम्.चा संच जोरातले चढउतार छाटून टाकतो आणि फक्त सूर पाहतो.

ही कल्पना पूर्वीही काहींना सुचली होती. पण 1922 साली जॉन कार्सन या गणितज्ञाने तिच्यात लाभ नाही, असे गणिताने दाखवले होते. कार्सनचे गणित अरुंद पट्ट्यापुरते बरोबर होते. आर्मस्ट्राँगने उलट वाट धरली आणि पट्टा खूप रुंद केला. वर्षानुवर्षे प्रयोग करून 1933 च्या डिसेंबरात त्याने पेटंटे मिळवली. मात्र या पद्धतीला एक अट आहे. येणारी लहर पुरेशी सबळ असेल, तरच खरखर हटते. ती दुबळी पडली की सरसर सुरू होते. आमच्या माजघरात नेमके तेच झाले होते.

1934 साली आर. सी. ए.ने त्याला एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावर प्रयोगाला जागा दिली. सुमारे 70 मैलांवर आवाज स्वच्छ आला. तरीही पुढच्या वर्षी त्याला उपकरणे हलवण्यास सांगण्यात आले, कारण कंपनीला ती जागा दूरचित्रवाणीसाठी हवी होती. 1935 च्या नोव्हेंबरात त्याने न्यूयॉर्कला अभियंत्यांच्या सभेत प्रयोग करून दाखवला. याँकर्सहून एका मित्राने प्रक्षेपण केले. पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद चुरगाळल्याचा आवाज सभागृहात जसाच्या तसा आला. मग न्यूजर्सीत आल्पाइन येथे हडसन नदीच्या कड्यावर त्याने स्वतःच्या खर्चाने 400 फुटांहून उंच मनोरा बांधला. एफ्. एम्.च्या लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत, म्हणून उंची हवी. 2001 साली न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, तेव्हा काही दूरचित्रवाणी केंद्रांनी याच मनोऱ्याचा आसरा घेतला होता.

इथपर्यंत आण्णा आनंदाने ऐकत होते. पुढची कथा कोर्टाची आहे.

पहिल्या शोधावर ली डी फॉरेस्ट यानेही हक्क सांगितला होता. खालच्या कोर्टांत एकदा आर्मस्ट्राँगची सरशी झाली. नुकसानभरपाईचा हट्ट त्याने सोडला असता, तर तेव्हाच प्रकरण मिटले असते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याने सोडला नाही. दावा पुन्हा उघडला आणि 1934 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय डी फॉरेस्टच्या बाजूने दिला. आर्मस्ट्राँग 1917 साली मिळालेले सुवर्णपदक परत करायला गेला. पण अभियंत्यांच्या संस्थेने ते परत घेतले नाही.

एफ्. एम्.ची गाडी रुळावर आली होती, तोच 1945 साली अमेरिकेच्या सरकारी आयोगाने त्याचा पट्टा उचलून 88 ते 108 मध्ये नेला. जुने लाखो संच निरुपयोगी झाले. त्यापूर्वी, 1940 साली, आर. सी. ए.ने पेटंटांसाठी एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले होते. इतर कंपन्या विक्रीवर मानधन देत होत्या. मग हिला वेगळा न्याय का, म्हणून त्याने नकार दिला. 1948 साली त्याने दावा लावला. जबान्या महिनोन् महिने चालल्या. पैसा आटला. महायुद्धात आपली पेटंटे सैन्याला फुकट वापरू देणारा हा माणूस वकिलांच्या खर्चाने बुडाला. मेरियनचे म्हणणे होते की मिटवून टाकावे. 1953 च्या नोव्हेंबरात याच वादात त्याने रागाच्या भरात तिच्या हातावर प्रहार केला. ती बहिणीकडे निघून गेली. 31 जानेवारी 1954 च्या रात्री, तिच्यासाठी क्षमेचे पत्र लिहून ठेवून, त्याने स्वतःच्या हाताने जीवन संपवले. ती आकृती साक्षांकित केल्याला त्या दिवशी 41 वर्षे झाली होती.

त्याच वर्षी आर. सी. ए.शी तडजोड झाली. रक्कम दहा लाख डॉलरांहून थोडी अधिक. म्हणजे 1940 साली नाकारली, जवळजवळ तेवढीच. उरलेले दावे मेरियनने नेटाने चालवले आणि शेवटचा 1967 साली जिंकला. नवरा बरोबर होता, हे तिने सिद्ध केले; पण ऐकायला तो नव्हता.

आमचाही एक दावा आहे. आण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या यांच्या शेतांमध्ये दोन हात रुंदीचा बांध आहे. त्यावरून माझ्या जन्माआधीपासून कज्जा चालू आहे. आण्णा बरोबर आहेत, असे घरातले सारे मानतात. तात्यांच्या घरी उलट मानतात. शेवटची कथा सांगून झाल्यावर आण्णांनी रेडिओ बंद करायला लावला. आर्मस्ट्राँगचे चुकले कुठे, असे त्यांनी मला विचारले. शास्त्रात तो चुकला नाही, एवढेच मला सांगता आले.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी माझ्याजवळ निरोप दिला : माजघरात रेडिओ फार स्वच्छ लागतो, तात्याला ऐकायला यायला सांग. मी गेलो. तात्या त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या रविवारी आले. दोघेही फारसे बोलले नाहीत. कॉटच्या दोन टोकांना बसून तासभर अभंग ऐकले आणि चहा घेऊन तात्या उठले. जाताना भिंतीवरच्या तारेकडे पाहून, अशीच एक आपल्या घरीही लावून दे, असे मला म्हणाले.

दाव्याची पुढची तारीख लागलेली आहे. तिचे काय होईल, ते मला ठाऊक नाही. पण दीड मीटर तार मी कापून ठेवली आहे.