यशवंताची आई

परप्रांती संसार थाटलेल्या आपणा सर्वांना मानलेल्या नात्यांचे मोल ठाऊक आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी सावित्रीबाई फुले यांच्या मातृत्वाचे स्मरण म्हणूनच उचित ठरावे. मुलींची पहिली शिक्षिका म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. परक्या लेकरांची आई ही त्यांची ओळख मात्र काहीशी मागे राहिली.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी त्यांचा विवाह झाला. जोतीरावांची आई ते तान्हे असतानाच निवर्तली होती आणि नात्यातील बालविधवा सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढविले होते. पोटच्या मायेवाचूनही मूल वाढते, याचा अनुभव त्या घराला असा आधीपासूनच होता.

त्या काळी पुनर्विवाहाची बंदी असलेल्या उच्चवर्णीय विधवेला दिवस गेले, तर तिच्यापुढे आत्महत्या किंवा अर्भकहत्या एवढेच मार्ग उरत. १८६३ मध्ये या दांपत्याने पुण्यात आपल्या घराच्या आवारातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे आणि हवे तर मूल तेथेच ठेवून जावे, अशी सोय होती. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तेथे आल्या. गर्भावस्थेत घेतलेल्या विषारी औषधांमुळे त्यांची बहुतेक अर्भके दगावली. तरीही सावित्रीबाईंनी ते दार कधी बंद केले नाही.

अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत. स्वतःला अपत्य नसलेल्या या पतिपत्नींनी १८७४ मध्ये त्याला दत्तक घेतले. १८७७ च्या दुष्काळात धनकवडी येथे अन्नान्न झालेल्या मुलांसाठी बालकाश्रम चालला, तेव्हाही सावित्रीबाई त्या कामात होत्या. पुढे यशवंत डॉक्टर झाला. परंतु विधवेच्या मुलाला मुलगी कोण देणार, हा प्रश्न उभा राहिला. अखेर सत्यशोधक सहकारी ग्यानोबा ससाणे यांनी १८८९ मध्ये आपली कन्या राधा त्याला दिली.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या यशवंताच्या अधिकारास आप्तांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे हाती घेऊन पुढे झाल्या. स्त्रीने अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालणे हे त्या काळी अघटितच होते.

१८९७ च्या प्लेगात डॉ. यशवंतांनी पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालविला. वयाची सहासष्टी गाठलेल्या सावित्रीबाई रुग्णांना तेथे आणीत. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आणले. त्या सेवेतच त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

वाढविलेला पुत्र रोग्यांवर उपचार करीत होता आणि आई आणखी एका परक्या लेकराला घेऊन त्याच्याच दाराशी आली होती. आपल्या गावी, आपल्या शेजारी एखादे निराधार मूल दिसेल, तेव्हा या माऊलीची आठवण आपणांस व्हावी.