सिकंदराबादची ईश्वरीबाई

आज १ डिसेंबर. १९१८ साली याच दिवशी सिकंदराबादेतील चिलकलगुडा वस्तीत, माला या अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातीत, एक मुलगी जन्मली. पुढे तेलंगणाने तिला जे. ईश्वरीबाई या नावाने ओळखले. तिकडे आज तिच्या पुतळ्याला हार पडतील आणि मंत्र्यांची भाषणे होतील. आपल्या किनारपट्टीवरील वाचकांपैकी किती जणांनी हे नाव ऐकले असेल, हा प्रश्न विचारण्याचे धाडस आम्हांला होत नाही. याचा दोष वाचकांकडे जात नाही, तो आम्हां वृत्तपत्रवाल्यांकडे येतो.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या पराक्रमाच्या कथा मराठी वृत्तपत्रांनी आवडीने छापल्या. १९५५ साली माँटगोमेरीच्या बसमध्ये आसन सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स आपल्या शालेय मुलांनाही ठाऊक असतात. २०२१ मध्ये कमला हॅरिस अमेरिकेच्या उपाध्यक्ष झाल्या, तेव्हा त्यांच्या तामिळ आजोळच्या गावात वाटलेल्या मिठाईच्या बातम्या आपल्याकडेही रंगल्या. यात गैर काहीच नाही. सात समुद्रांपलीकडच्या अन्यायाविषयी चीड येणे हे माणुसकीचेच लक्षण होय. फक्त ती चीड फार स्वस्त पडते. तिची किंमत आपल्या गावातील विहिरीवर किंवा देवळाच्या पायरीवर द्यावी लागत नाही. येथून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या हैदराबादेत तेच सारे सोसून, तेच सारे लढून गेलेली एक स्त्री आम्हांला दिसली नाही, त्याचे कारणही बहुधा हेच असावे.

ईश्वरीबाईंचे वडील निजामाच्या रेल्वेत नोकरीस होते. रेल्वे आणि लष्करी छावणी यांमुळे सिकंदराबादच्या अस्पृश्य वस्त्यांत चार पैसे आणि चार अक्षरे खेड्यांच्या मानाने लवकर आली. मिशनच्या शाळेची पायरी चढणे तेथे अशक्य नव्हते. ईश्वरीबाई ती चढल्या आणि पुढे कीज हायस्कुलात शिकल्या. शेजारच्या हैदराबाद शहरात भाग्यरेड्डी वर्मा नावाचा एक असाधारण पुरुष त्या काळी अस्पृश्यांना आदि-हिंदू म्हणवून घ्यायला शिकवीत होता, त्यांच्या मुलांसाठी शाळा काढीत होता आणि मुली देवाला वाहण्याच्या चालीविरुद्ध बोलत होता. महाराष्ट्रात आंबेडकरी चळवळीने जे वातावरण निर्माण केले, त्याचाच एक स्वतंत्र प्रवाह निजामाच्या राजधानीत वाहत होता. आपल्याकडील हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासांत या प्रवाहाला दोन ओळींपलीकडे जागा मिळालेली नाही, हे जाता जाता नोंदवितो.

कोवळ्या वयातच त्यांचा विवाह झाला. पती डॉ. जेट्टी लक्ष्मीनारायण हे पुण्यातील दंतवैद्य. म्हणजे ही बाई काही काळ पुण्याची सून होती, आणि तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजीच्या जोडीला मराठीही तिला अवगत होती. पण तो संसार टिकला नाही. लेकीला घेऊन त्या माहेरी परतल्या. नवऱ्याचे घर सोडून आलेली आणि त्यातून अस्पृश्य बाई त्या काळात कोणत्या नजरांना सामोरी जात असेल, हे वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तसे संसार आपल्या वाड्यांतही मोडले आणि तशा लेकी आपल्या माजघरांतही परत आल्या. त्यांतील बहुतेकींचे उरलेले आयुष्य चुलीपुढे गेले, हाच काय तो फरक. ईश्वरीबाईंनी परोपकारिणी नावाच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. पुढे चिलकलगुड्यात स्वतःची प्राथमिक शाळा काढली आणि तिला लेकीचे, गीतेचे, नाव दिले. वस्तीतील बायकांना शिवणकामासारखे चार पैसे मिळवून देणारे हुन्नर शिकविण्याचा उद्योगही चालू होताच.

पन्नाशीच्या प्रारंभी सिकंदराबादेत नगरपालिकेची निवडणूक झाली, तेव्हा याच वस्तीने आपल्या मास्तरीणबाईंना निवडून दिले. नळ, गटार, दिवा आणि राहत्या झोपडीचा कागद या चार गोष्टींसाठी गरीब माणसाला सरकारदरबारी किती खेपा घालाव्या लागतात, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच नगरसेविकेच्या कामाचे मोल कळेल. मोठ्या नेत्यांच्या चरित्रांत हा भाग दोन वाक्यांत आटोपतात. आमच्या मते ईश्वरीबाईंचे खरे विद्यापीठ तेच. त्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनमध्ये काम करीत होत्या. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाल्यावर त्या त्याच्या झाल्या आणि आंध्र प्रदेशात त्याच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचल्या. ज्या पक्षाचे महाराष्ट्रातील पुढारी गटातटांच्या भांडणात गुंतले होते, त्याच पक्षाची धुरा एका प्रांतात एक स्त्री वाहत होती, हे आपल्याकडील रिपब्लिकन नेत्यांनीही फारसे सांगितलेले ऐकिवात नाही.

१९६७ साली त्या निजामाबाद जिल्ह्यातील येल्लारेड्डी या राखीव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आल्या. त्यांनी पराभूत केले ते टी. एन. सदालक्ष्मी यांना. येथे थोडे थांबले पाहिजे. सदालक्ष्मीही दलितच. मेहतर कुटुंबात जन्मलेल्या, काँग्रेसच्या, विधानसभेच्या उपाध्यक्षा आणि मंत्री ही दोन्ही पदे भूषविलेल्या. दामोदरम संजीवय्यांच्या मंत्रिमंडळात देवस्थानांचे खाते त्यांच्याकडे होते. ज्या जातीच्या माणसांना देवळाच्या आवारात पाऊल टाकू देत नसत, त्या जातीची स्त्री साऱ्या देवळांची मंत्री झाली होती! अशा दोन कर्त्या बायका, दोघीही तळागाळातून आलेल्या, एकमेकींविरुद्ध एकाच राखीव खुर्चीसाठी उभ्या राहिल्या. खुल्या जागांवरून अशी स्त्री उभी करण्याची हिंमत कोणत्याच मोठ्या पक्षाला झाली नाही. राखीव जागा हे दार आहे यात शंका नाही. पण त्या दाराबाहेरच्या मोठ्या दिवाणखान्यात या बायकांना बसायला कोणी बोलावले नाही. माला आणि मादिगा या दोन जातींतील हिश्शाचा वाद पुढे वाढत गेला आणि सदालक्ष्मींनी मादिगांच्या बाजूने तो अखेरपर्यंत लढविला. त्या २००४ मध्ये वारल्या. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी मान्यता दिली, आणि १४ एप्रिल २०२५ रोजी तेलंगणाने ते अमलात आणले.

विधानसभेत ईश्वरीबाईंनी आपला दबदबा निर्माण केला तो १९६८ मध्ये. त्या वर्षी कृष्णा जिल्ह्यातील कंचिकचर्ला गावात कोटेशू या दलित तरुणावर चोरीचा आळ घेऊन त्याला खांबाला बांधून जिवंत जाळण्यात आले. स्वातंत्र्य मिळून वीस वर्षे झाल्यावर, गांधीजींची जन्मशताब्दी तोंडावर आली असता, आंध्रच्या सुपीक आणि सुशिक्षित म्हणविणाऱ्या जिल्ह्यात हे घडले. ईश्वरीबाईंनी विधानसभेत सरकारला धारेवर धरले. एका मंत्र्याने हरिजनांविषयी अपमानकारक उद्गार काढले, तेव्हा बाईंनी भर सभागृहात पायातील चप्पल हाती घेतली, असे हैदराबादेत अजून सांगतात. सभागृहाच्या शिष्टाचारात ते बसत नाही, हे आम्हांला मान्य आहे. एरवी आम्ही स्वतःच अशा प्रकारांवर टीका केली असती. पण माणूस जळतो तेव्हा सभागृह शिष्टाचाराने चालू राहते, तो शिष्टाचार नेमका कोणाच्या सोयीचा, हेही विचारायला हवे.

त्याच वर्षाच्या अखेरीस, नोव्हेंबर १९६८ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून शर्ली चिझम या अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. तेथे पोहोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्याही मुळात बालशिक्षिका. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. आंबेडकर शिकले, तेथेच त्यांचे उच्च शिक्षण झाले. १९७२ साली त्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या, तेव्हा बहुतेक कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी एक बाई म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरविली आणि स्त्रीमुक्तीच्या पुढारणींनीही ऐनवेळी हात आखडता घेतला. कातडीच्या रंगापेक्षा बाईपणानेच आपल्याला अधिक अडविले, असा त्यांचा अनुभव होता. ईश्वरीबाई आणि चिझम यांची कधी भेट झाली नाही. पण दोन्हीकडच्या दुःखांचे नाते आंबेडकरांनी केव्हाच ओळखले होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची माहिती मागविली होती. पुढे १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव घेतले तेही अमेरिकेतूनच. त्या साऱ्या घेण्यादेण्यात स्त्रियांची आठवण मात्र दोन्ही किनाऱ्यांवर उशिरा झाली.

तेलंगणाचा प्रश्न आपल्या वाचकांना परका वाटू नये. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकात जनमत कौल झाला. मोठ्या शेजाऱ्यात विलीन व्हावे की वेगळे राहावे या वादाने आपली घरे कशी दुभंगली, हे जुन्या पिढीने अनुभवले आहे. तेलंगणाला असा कौल कोणी विचारलाच नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो प्रदेश काही लेखी आश्वासनांवर आंध्रात मिळविण्यात आला. आश्वासने पाळली गेली नाहीत, आणि १९६९ मध्ये हैदराबादचे विद्यार्थी रस्त्यावर आले. गोळीबार झाले. तीनशेहून अधिक बळी गेले, असे आंदोलकांचे म्हणणे आहे. ईश्वरीबाई या आंदोलनात उतरल्या, तुरुंगात गेल्या. सदालक्ष्मीही त्याच बाजूला होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या प्रतिस्पर्धी आता एकाच मागणीसाठी उभ्या होत्या.

मग जे घडले ते भारतीय राजकारणात नेहमीच घडते. डॉ. चेन्ना रेड्डींच्या तेलंगण प्रजा समितीने १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत तेलंगणातील १४ पैकी १० जागा जिंकल्या आणि काही महिन्यांतच ती काँग्रेसमध्ये विलीन झाली. ज्यांच्या नावाने पोरे मेली, ते सत्तेच्या पंगतीला जाऊन बसले. ईश्वरीबाई गेल्या नाहीत. १९७२ मध्ये त्या येल्लारेड्डीतून पुन्हा निवडून आल्या. त्यांच्या आयुष्यातील ही आम्हांला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. गरिबीतून वर आलेल्या, मागे पैसा नाही, जातीचे मोठे पाठबळ नाही अशा एकट्या बाईला सत्ताधारी पक्षाचे आमंत्रण नाकारणे किती जड जाते, हे पोटभर जेवून तत्त्वनिष्ठेवर व्याख्याने देणाऱ्यांना कळावयाचे नाही. आमच्यासारख्या अग्रलेख लिहिणाऱ्यांनाही नाही.

त्या सर्वगुणसंपन्न होत्या असा आमचा दावा नाही. स्वभाव तापट, बोलणे फटकळ, आणि त्यांच्या पक्षाला त्यांच्या मागे उभे राहील असे दुसरे मोठे नेतृत्व त्या प्रदेशात घडले नाही, हे त्यांचेही अपयश होय. पण ज्या लेकीला कडेवर घेऊन त्या पुण्याहून परतल्या, ती डॉक्टर झाली आणि गीता रेड्डी या नावाने त्याच विधानसभेत गेली, मंत्री झाली.

ईश्वरीबाई फेब्रुवारी १९९१ मध्ये गेल्या. त्याच वर्षी ६ ऑगस्टला गुंटूर जिल्ह्यातील चुंडूर गावी आठ दलितांची हत्या झाली. त्या खटल्यासाठी गावातच विशेष न्यायालय बसविण्यात आले आणि २००७ मध्ये शिक्षाही झाल्या. एप्रिल २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. पुढे २ जून रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले, आणि तेव्हापासून आजच्या दिवशी सिकंदराबादेत सरकारी इतमामाने ईश्वरीबाईंची जयंती साजरी होते.